दहा पौंडांचं बेट आणि पगाराचं भांडण

गेल्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या कमिटीत बजेट मांडायचं होतं आणि खजिनदार मी, म्हणजे आकडे सगळे माझेच. सगळ्यात मोठा आकडा सिक्युरिटीचा. रात्रीचे दोन वॉचमन, एक पुढच्या गेटला आणि एक मागे पंपहाउसकडे. कोणीतरी म्हणालं मागचा कशाला हवा, गेल्या सहा वर्षांत तिकडे काही झालंय का? आणि मी, जिची अख्खी नोकरी अकाउंट्समध्ये गेली, मी लगेच कॅल्क्युलेटर काढून वर्षाची बचत किती ते सांगितलं. ठराव पास झाला. मागच्या गेटवरच्या काकांना एजन्सीने दुसरीकडे लावलं की घरी बसवलं हे मी विचारलंसुद्धा नाही. उरला तो एकटा, त्याने दोन्हीकडे फेऱ्या मारायच्या असं ठरलं, तेवढ्याच पगारात.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना मी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसले होते हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

मी माझगावला राहते. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या वर भंडारवाड्याची टेकडी आहे, तिच्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान, संध्याकाळी मी तिथे चालायला जाते. वरून गोदी दिसते, क्रेन दिसतात, पलीकडे पाणी. इथे पूर्वी किल्ला होता हे शेजारच्या आजोबांकडून लहानपणीच ऐकलेलं, पण किल्ला होता तर गेला कुठे, एक दगडसुद्धा का दिसत नाही, हा प्रश्न मला पडला तो या वयात, रिटायर झाल्यावर. मग वाचायला घेतलं. आणि किल्ला शोधता शोधता मी पोचले ती एका पगाराच्या भांडणापाशी, म्हणजे माझ्याच खात्यात.

मुंबई आंदण मिळाली ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. १६६१ चा तह, पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन, इंग्लंडचा दुसरा चार्ल्स, हुंड्यात बेट. पण ते बेट ताब्यात घ्यायला जी माणसं आली त्यांचं काय झालं हे मला तरी कोणी सांगितलं नव्हतं. सर अब्राहम शिपमन चारेकशे शिपाई घेऊन १६६२ च्या सप्टेंबरात आला, तर गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय बेट द्यायला तयारच नाही, कारण नक्की काय काय द्यायचं, फक्त मुंबई की साष्टी-ठाणंसुद्धा, यावरच वाद. मग ही सगळी फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडली. पावसाळे काढले तिथे, ताप, हगवण, धड खायला नाही. १६६४ मध्ये शिपमन स्वतः मेला. १६६५ च्या फेब्रुवारीत त्याचा सेक्रेटरी हंफ्री कूक याने शेवटी मुंबई ताब्यात घेतली तेव्हा चारशेंपैकी जेमतेम शंभर जण जिवंत होते. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. तीनशे पोरं, लढाई एकही नाही, नुसती दोन सरकारांची कागदावरची घासाघीस संपायची वाट बघत मेली.

आणि एवढं करून मिळालेलं बेट राजाला परवडेना. १६६७ च्या सुमाराचा हिशेब असा की सगळं मिळून वर्षाचं उत्पन्न ७५,००० शेराफिन, म्हणजे साधारण साडेसहा हजार पौंड. शेराफिन हे पोर्तुगीजांचं चांदीचं नाणं, नाव आपल्या अशरफीवरूनच आलेलं. हे पैसे यायचे कुठून, तर जकात, तंबाखूचा मक्ता, दारूची दुकानं, नारळाच्या वाड्या, आणि माहीम, परळ, वडाळा, वरळी, माझगाव इथल्या जमिनींचा सारा. म्हणजे माडावर चढणारा भंडारी, समुद्रावर जाणारा कोळी, खाजणात भात लावणारा कुणबी, यांच्या खिशातून. खर्च होता गव्हर्नर, शिपाई, तोफा, तटबंदी यांचा. वजाबाकी केली की उत्तर उणे. म्हणून २७ मार्च १६६८ ला चार्ल्सने अख्खं बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, भाडं वर्षाला १० पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. त्याच सुमारास कंपनीने राजाला ५०,००० पौंड सहा टक्क्यांनी कर्जही दिलं, तेव्हा ते दहा पौंड भाडं नव्हतंच खरं तर, खरा व्यवहार त्या कर्जाचा होता असं मला तरी वाटतं.

राजाचे शिपाई होते त्यांना विचारलं, कंपनीच्या नोकरीत येता का? बरेच जण राहिले. इथूनच पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे. कारण ही माणसं राजाची चाकरी करायला आलेली, आता त्यांचा मालक झाली एक व्यापारी पेढी, आणि पेढीच्या वहीत मिरी, कापड, नीळ ही नफ्याची खाती आणि शिपाई म्हणजे नुसता खर्च. आपल्याकडे किल्ल्यावरच्या शिपायांना शिबंदी म्हणायचे आणि त्यांच्यावरच्या खर्चालाही शिबंदीच म्हणायचे, माणूस आणि खर्च दोघांना एकच शब्द. आणि कंपनीच्या कागदांत शिपायांच्या भांडणात सारखा येणारा ‘बत्ता’ म्हणजे आपला भत्ताच. नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, मूळ पगारापेक्षा भत्त्यावरूनच माणसं जास्त पेटतात, कारण पगार मालकाच्या मर्जीचा आणि भत्ता पोटाचा.

मधली काही वर्षं कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर होता. १६६९ ते १६७७. हा माणूस मला आवडतो, म्हणजे परका होता, कंपनीचा होता हे सगळं खरं, पण त्याला हे बेट म्हणजे शहर होणार आहे असं दिसत होतं. कोर्ट काढलं, टांकसाळ काढली, किल्ल्याचं काम पुढे नेलं, बाहेरून वाणी, पारशी, आर्मेनियन व्यापारी बोलावले, भंडारी तरुणांची सेना उभी केली. १६७३ मध्ये डच आरमार मुंबईसमोर येऊन उभं राहिलं तेव्हा तटावर गोऱ्यांच्या जोडीला इथलीच माणसं होती, आणि तयारी बघून डच निघून गेले. पण लंडनहून ऑन्जिअरला पत्रं काय यायची? तटबंदीवर इतका खर्च का केलात, आधी विचारलं का नाहीत. मुंबईचं पत्र लंडनला पोचायला आणि उत्तर परत यायला वर्ष-दीड वर्ष, तोवर डच येऊन गेलेले असायचे.

आणि ऑन्जिअरनेच इथल्या लोकांशी तो करार केला, १६७२ ला बोलणी आणि १६७४ ला पक्का, की जमिनींवरचे कंपनीचे दावे सोडून देतो, त्याबदल्यात बेटाच्या रहिवाशांनी मिळून दरवर्षी २०,००० शेराफिन द्यायचे. लोकांना जमिनीची शाश्वती मिळाली, हे चांगलंच झालं. पण मी हिशेबाच्या नजरेने बघते तेव्हा दिसतं की बेट सांभाळायच्या खर्चातला ठरलेला, न चुकणारा वाटा इथल्याच लोकांनी उचललाय, आणि तो खर्च कुठे करायचा, किती तोफा, किती माणसं, यात त्यांना कधी कोणी विचारलेलं नाही. पुढे जे भांडण झालं ते लंडन, सुरत (कंपनीचं मुख्य ठाणं तेव्हा तिथे होतं) आणि मुंबईतल्या इंग्रजांचं आपापसातलं. पैसे भरणारे त्या खोलीत नव्हतेच.

१६७४ मध्येच शिपायांनी पहिल्यांदा बंड केलं. मागण्या काय होत्या बघा, तीन वर्षांची मुदत संपलीय तर आम्हाला सोडा, आणि कबूल केलेला एक महिन्याचा जादा पगार द्या. बस एवढंच. मागण्या बऱ्याचशा मान्य झाल्या, पण एका कॉर्पोरलला गोळ्या घालून मारलं, जरब बसावी म्हणून.

पुढे ऑन्जिअर गेला आणि कापाकापी जोरात सुरू झाली. लंडनमध्ये तेव्हा कंपनीच्या संचालकांत सर जोसाया चाइल्डचं वजन वाढत होतं, आणि सुरतेला पुढे प्रेसिडेंट झाला तो जॉन चाइल्ड, आडनाव एकच पण भाऊ नव्हेत. हुकूम आला की मुंबईची शिबंदी १८० शिपायांवर आणा, अधिकारी दोन लेफ्टनंट आणि त्यांच्या हाताखालचे दोन एन्साइन एवढेच, भत्ता बंद, घोडदळाची छोटी तुकडी होती ती मोडून टाका. त्याच काळात लंडनच्या भागधारकांना घसघशीत लाभांश मिळत होता, म्हणजे पेढी बुडत नव्हती, अजिबात नाही.

आणि हे कधी, तर जेव्हा मुंबईच्या दोन्ही बाजूंना आग लागलेली. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर माणसं उतरवून तटबंदी सुरू केली. इंग्रजांची झोप उडाली. ऑक्टोबरात मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराशी समुद्रावर लढाई झाली, त्यात इंग्रजांची एक गुराब, म्हणजे लढाऊ गलबत, मराठ्यांनी पकडली आणि रिचर्ड केग्विन नावाचा कप्तान आपल्या ‘रिव्हेंज’ जहाजावरून एकटा लढत राहिला म्हणून बाकीचे वाचले. पण खांदेरी शेवटी मराठ्यांचीच राहिली. शेजारच्या उंदेरीवर जंजिऱ्याचा सिद्दी येऊन बसला. सिद्दी मोगलांचा आरमारी सरदार, त्याची गलबतं पावसाळा काढायला सरळ माझगावच्या बंदरात यायची, त्याचे लोक बेटावर हिंडायचे, आणि नको म्हणायची ताकद मुंबईत नव्हती, आणि येऊ दिलं की मराठे संतापायचे. इथल्या माणसांनी दोन्हीकडून जीव मुठीत धरून राहायचं. आणि सुरत-लंडनहून विचारणा, एवढे शिपाई कशाला पोसता?

मला इथे सारखं पलीकडच्या किनाऱ्याची आठवण होते. मराठ्यांच्या किल्ल्यावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे अधिकारी, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य-दारूगोळा कारखानिसाकडे, म्हणजे हिशेबाची काटेकोरी तिथेही होतीच, उलट जास्तच होती. पण हिशेब लिहिणारा गडावरच राहायचा. वेढा पडला तर तोही आतच.

तर केग्विन. कॉर्नवॉलचा, पेन्झान्सचा, नौदलातला माणूस, सेंट हेलेना डचांकडून परत घेताना होता, तिथे थोडे दिवस गव्हर्नरही होता. खांदेरीनंतर इंग्लंडला गेला, १६८१ ला मुंबईचा लष्करी प्रमुख म्हणून परत आला, कौन्सिलात जागा मिळाली. आणि मग एकेक काढून घेत गेले. भत्ते कापले, मान कापला, हाताखालच्या माणसांचे पगार कापले. त्याचे शिपाई आधीच हवेने मरत होते. मुंबईबद्दल त्या काळात म्हण होती की इथे माणसाचं आयुष्य म्हणजे दोन पावसाळे. असल्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या रोजच्या जेवणातून पैसे वाचवायचे ही कल्पना ज्याला सुचली तो कधी मुंबईच्या पावसात रात्रभर उभा राहिला नव्हता हे नक्की. असं लिहिताना माझा हात अडखळतो, कारण मार्चच्या मीटिंगला मीही पंख्याखाली बसले होते.

२७ डिसेंबर १६८३. नाताळ होऊन दोन दिवस झालेले. केग्विन आणि त्याच्या सोबत्यांनी डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला अटक केली, किल्ला ताब्यात घेतला आणि जाहीर केलं की आजपासून या बेटावर कंपनीचा अंमल नाही, हे बेट राजाचं. शिपायांनी केग्विनला गव्हर्नर निवडलं. बंदरात कंपनीचं जहाज होतं, त्यावरचे पन्नास हजारांवर रुपये ताब्यात घेतले आणि सांगितलं की हा पैसा बेटाच्या संरक्षणालाच लागेल. आणि राजाला पत्र लिहिलं. कंपनी इथल्या लोकांवर जुलूम करते, बेट उघडं टाकलंय, सिद्दी आणि संभाजी राजे दोघांपैकी कोणीही येऊन घेईल, आम्ही ते तुमच्यासाठी राखतोय. या पत्राचा कोणी कसाही अर्थ लावावा, पण मला ते खरं वाटतं. कारण पुढच्या अकरा महिन्यांत त्यांनी केलं काय ते बघा. सिद्दीच्या गलबतांना बंदरात तळ ठोकायला मनाई केली. हेन्री गॅरी नावाच्या जुन्या अधिकाऱ्याला संभाजी महाराजांकडे पाठवून व्यापाराचा तह केला. म्हणजे कापलेला पैसा जिथे लागायला हवा होता तिथे तो लावला, आणि जे वर्षानुवर्षं होत नव्हतं ते काही महिन्यांत होऊन गेलं.

केग्विनला हीरो करायचं नाहीये मला. तोही परकाच, राजाच्या नावाने राज्य करणारा, आणि भंडाऱ्यांना-कोळ्यांना त्यानेही काही कौन्सिलात बसवलं नाही. पण पगाराचं भांडण म्हटलं की लोक त्याला लगेच लोभाचं भांडण समजतात, तसं हे नव्हतं. त्यात प्रश्न हा होता की इथे मरायची पाळी आली तर मरणार कोण, आणि तो जर आम्ही, तर किती माणसं लागतील हे ठरवायचा अधिकार तुमचा कसा?

राजाने मात्र पत्र वाचून निकाल कंपनीच्या बाजूने दिला. ऑगस्ट १६८४ मध्ये हुकूम निघाला, बेट परत करा. सर थॉमस ग्रँथम जहाजं घेऊन नोव्हेंबरात आला, बोलणी झाली, सगळ्यांना माफी कबूल झाली आणि केग्विनने किल्ला देऊन टाकला. लढाई नाही झाली, आणि ज्या राजाच्या नावाने हे सगळं केलं त्याचाच हुकूम आल्यावर तो काय करणार होता? १६८५ ला इंग्लंडला गेला, परत नौदलात गेला, आणि जून १६९० मध्ये वेस्ट इंडीजमध्ये सेंट किट्सच्या बासतेर इथे हल्ल्यात सगळ्यात पुढे असताना मारला गेला.

त्याच जून १६९० मध्ये माझ्या टेकडीवर काय चाललं होतं ते आता सांगते.

बंड मोडल्यावर जॉन चाइल्ड जास्तच मोठा झाला, १६८७ ला कंपनीचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला आलं, आणि त्याने मोगलांशीच भांडण उकरून काढलं, जहाजं पकडली. शिबंदीला भत्ता द्यायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या लोकांनी औरंगजेबाशी युद्ध काढलं, हे वाचून मला खरंच संताप आला. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला. माझगावच्या किल्ल्यातली शिबंदी किल्ला सोडून पळाली, माहीमही गेलं, आणि इंग्रज फोर्टातल्या मुख्य किल्ल्यात कोंडले गेले ते वर्षभराच्या वर. बाहेर गावं लुटली जात होती. किल्ल्यात जागा साहेबांना होती. माझगाव-शिवडी-परळच्या ज्या लोकांनी वर्षाला २०,००० शेराफिन भरले होते त्यांना तट नव्हता. शेवटी औरंगजेबाकडे माणसं पाठवून गयावया केली, दीड लाख रुपये दंड कबूल केला, आणि हे सगळं मिटायच्या आत फेब्रुवारी १६९० मध्ये चाइल्ड मरून गेला. जूनमध्ये सिद्दी निघाला. जाता जाता त्याने माझगावचा किल्ला पाडून टाकला.

तर तो असा गेला. म्हणून तिथे दगड दिसत नाही.

मी संध्याकाळी वर जाते तेव्हा आता तिथे उभी राहून शिवडीच्या दिशेला बघते. टेकडीचं नाव अजून भंडारवाडा आहे. गव्हर्नरांची, कप्तानांची, त्या वॉर्डचीसुद्धा नावं वाचायला मिळतात, कोणाला किती पौंड ते मिळतं. भंडाऱ्यांची सेना होती एवढंच मिळतं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला आजवर कुठे सापडलं नाही, किल्ला सोडून बाकीचे पळाले तेव्हा ते कुठे गेले हेही नाही.

ऑगस्टमध्ये आमचा वॉचमन पडला. रात्री दोनच्या सुमाराला, धो धो पाऊस, पुढचं गेट बंद करून मागे फेरीला गेला आणि पंपहाउसच्या पायरीवरून घसरला, मनगट मोडलं. सकाळी दूधवाल्याने बघितलं. सकाळी, म्हणजे साडेचार तासांनी. कमिटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो असा की डॉक्टरचं बिल कुठल्या हेडखाली टाकायचं, एजन्सीने द्यायचं की आपण, आणि विचारणारा माणूस वाईट नाही हो, मीही पूर्वी हेच आधी विचारलं असतं. मी त्या दिवशी त्याच्या खोलीवर गेले. दारुखान्याच्या बाजूला राहतो, चौघं मिळून एका खोलीत. त्याला विचारलं मागचे काका कुठे असतात, तर म्हणाला मॅडम ते गावी गेले एप्रिलमध्येच, इथे काम नाही मिळालं परत.

या महिन्याच्या मीटिंगला मी मागच्या गेटचा विषय पुन्हा टाकलाय. विषयपत्रिकेवर चौथा आहे. आकडे काढून ठेवलेत, आणि मीटिंग या वेळी ऑफिसच्या खोलीत न घेता मागे पंपहाउससमोर घ्या असं सेक्रेटरीला सांगितलंय, रात्री नऊला. पाऊस असला तरी.